वहीला दिलेलं औषध

सिस्टर, तुम्हाला पत्र लिहायची मला सवय नाही. शाळा सुटल्यावर मी दोनच पत्रं पाठवली, एक नोकरी लागल्याचं आणि एक लग्नाचं. दोन्ही तुम्ही लाल शाईने चुका दुरुस्त करून परत पाठवलीत. लग्नाच्या पत्रात सात चुका होत्या. त्यानंतर मी लिहिलं नाही. तुम्हाला चंद्रपूरला मातीत ठेवलं त्या दिवशीही मी मागच्या रांगेत उभी होते आणि माझा पदर नीट आहे ना हे बघत होते. आता तुम्ही दुरुस्त करू शकत नाही, म्हणून लिहिते आहे.

माझ्या नवऱ्याच्या हृदयात दोन वर्षांपूर्वी नागपूरला धातूची झडप बसवली. लहानपणी ताप येऊन सांधे सुजले होते, गावात कोणी मनावर घेतलं नाही, आणि त्या तापाने आतली झडप खाल्ली ते साठी उलटल्यावर कळलं. दुपारी घर शांत असलं की ती झडप ऐकू येते. टिक, टिक, स्वस्तातल्या घड्याळासारखी. ते म्हणतात, आता मेलो तर तुले बाजूच्या खोलीतूनच समजंन, मॅडम, आवाज देत बसू नको. ते मला मॅडम म्हणतात, कारण मी ब्रह्मपुरीत तीस वर्षं इंग्रजी शिकवलं आणि ते वनविभागाच्या लाकूड डेपोत ओंडके मोजत होते. आमच्या घरात हा विनोद जुना आहे. हल्ली मला त्याचं हसू येत नाही.

या झडपेबरोबर एक गोळी येते. रक्त पातळ ठेवायची. रोज संध्याकाळी, ठरल्या वेळी, जन्मभर. कमी पडली तर झडपेवर गाठ धरते, जास्त झाली तर रक्त थांबत नाही. मधल्या चिंचोळ्या वाटेवर माणूस आहे की नाही, हे दर महिन्याला रक्त तपासून बघायचं आणि त्या आकड्यावर गोळी कमीजास्त करायची. इथवर सगळं मला समजलं. मी तुमची विद्यार्थिनी आहे. मी त्याच संध्याकाळी बाजारातून दोनशे पानी वही आणली, समास आखले, तारीख, वेळ, गोळी, जेवण असे रकाने पाडले आणि पहिल्या पानावर त्यांचं नाव तुम्ही शिकवलेल्या अक्षरात लिहिलं.

गोंधळ सुरू झाला तो भाजीवरून. नागपूरचे हृदयाचे डॉक्टर तरुण आहेत, भराभर बोलतात. ते म्हणाले, हिरव्या पालेभाज्या टाळा, त्यांच्यातल्या एका जीवनसत्त्वाने या गोळीचा जोर कमी होतो. मी विचारलं, कुठल्या पालेभाज्या? ते म्हणाले, पालक वगैरे. आता पालक आमच्याकडे कोण खातो? आमच्याकडे आषाढात तरोटा असतो, मग अंबाडी, मग मुंगन्याचा, म्हणजे शेवग्याचा पाला, आणि सांबार, म्हणजे कोथिंबीर, तर बारा महिने प्रत्येक गोष्टीवर. 'वगैरे'त यातलं काय येतं, ते त्यांना माहीत नव्हतं आणि बाहेर चाळीस माणसं बसली होती. मी सगळंच बंद केलं. माझ्या स्वयंपाकघरात हिरवं काही उरलं असेल तर ते भिंतीवरच्या कॅलेंडरमधलं शेत.

सहा महिन्यांत यांचा चेहरा राखेसारखा झाला. गच्चीवर चढताना मध्ये बसायला लागले. म्हणून आमच्या इथल्या डॉक्टरांकडे नेलं. ते आम्हाला तीस वर्षं ओळखतात, माझी दोन्ही बाळंतपणं त्यांच्या वडिलांच्या दवाखान्यात झाली. त्यांनी यांची पापणी ओढून पाहिली आणि मलाच झापलं. म्हणाले, बाई, शिकलेल्या तुम्ही, माणसाला काय पांढरा भातच घालता का? पालेभाज्या सुरू करा. आणि जीवनसत्त्वाच्या गोळ्यांची बाटली दिली, रोज एक, सकाळी. मी म्हटलं, नागपूरचे डॉक्टर नाही म्हणतात. ते म्हणाले, ते त्यांच्या जागी बरोबर आहेत. मग मी ती बाटली नागपूरला घेऊन गेले. त्या डॉक्टरांनी ती फिरवून बघितली आणि म्हणाले, मी दिली नसती, याची तशी गरज नाही, पण ते रोज बघतात, त्यांनी काही विचार केला असेल. बंद केली तरी चालेल. मी विचारलं, डॉक्टर, तुम्ही बंद करा म्हणताय की चालेल म्हणताय? ही दोन वेगळी क्रियापदं आहेत. ते हसले. मी हसायला सांगितलं नव्हतं.

त्यात पुण्याच्या मुलीने माशाच्या तेलाच्या कॅप्सूल पाठवल्या. तिच्या ऑफिसात सगळ्यांचे वडील घेतात म्हणे. पिवळ्या, पारदर्शक, वास नाही. इथले डॉक्टर म्हणाले, घेऊ द्या, नुकसान तर नाही. नागपूरचे म्हणाले, फायदा होतो असं मी सांगू शकत नाही. औषधाच्या दुकानातल्या माणसाने, त्याला कोणी विचारलं नसताना, तिसरंच सांगितलं. शाळेच्या बोर्डिंगला लागून असलेल्या तुमच्या दवाखान्यात भिंतीला टेकून बसलेल्या बायका आठवल्या. त्यातली कोणी मोठ्या दवाखान्यात पाठवायची असली की तुम्ही जांभळ्या शाईत चार ओळींची चिठ्ठी लिहायचात आणि म्हणायचात, उत्तर आणल्याशिवाय परत येऊ नकोस. मोठे मोठे डॉक्टर तुमच्या चिठ्ठीला उत्तर द्यायचे, कारण नाही दिलं तर तुम्ही दुसरी चिठ्ठी पाठवायचात आणि ती जरा लांब असायची. माझ्या दोन डॉक्टरांच्या खिशात मोबाइल आहेत. मी दोघांनाही म्हटलं, तुम्ही एकमेकांशी दोन मिनिटं बोला, मी समोर बसते, पैसे घ्या त्याचे. एक म्हणाला, गरज पडली तर बोलू. दुसरा म्हणाला, त्यांनी फोन केला तर मी घेईनच.

शेवटी मीच निकाल लावला. भाजी बंद, नागपूरचं ऐकून. जीवनसत्त्वाची गोळी आणि कॅप्सूल रोज, इथलं ऐकून. मला वाटलं, रोज एकसारखं असलं म्हणजे झालं. मी सकाळी बशीत दोन्ही काढून ठेवायची, पाणी ठेवायची आणि आंघोळीला जायची. परत येईपर्यंत बशी रिकामी असायची. मग वहीत खूण. संध्याकाळची रक्ताची गोळी मात्र मी समोर उभी राहून द्यायची. त्या वहीचं नागपुरात कौतुक झालं, सिस्टर. डॉक्टरांनी मोबाइलवर तिच्या पानांचे फोटो काढले आणि बाहेरच्या नर्सला म्हणाले, सगळ्यांना सांगा, अशी वही ठेवा. येताना बसमध्ये मी वही पिशवीत न ठेवता मांडीवर ठेवली होती. तुम्हाला सांगायला हरकत नाही.

फक्त आकडा जागेवर राहीना. रक्त सारखं दाटच यायचं. डॉक्टर वही बघायचे, काहीच बदललेलं दिसायचं नाही, मग गोळी थोडी वाढवायचे. तीनदा वाढवली. आणि गेल्या श्रावणात एका दुपारी जेवताना यांच्या नाकातून रक्त आलं. आधी थेंब, मग धार. मी यांची मान पुढे करून नाक दाबून धरलं, तुम्ही शिकवलं होतंत तसं, घड्याळ लावून. दहा मिनिटं. वीस मिनिटं. पंचे बदलत गेले. माझी बोटं वाकडी झाली आणि ते थांबेना. ते तोंडाने श्वास घेत होते, आणि त्यांच्या छातीतली टिक टिक मला आयुष्यात पहिल्यांदा वेगाने ऐकू आली. इथे तात्पुरतं थांबवून अ‍ॅम्ब्युलन्सने नागपूरला नेलं. रक्त इतकं पातळ झालं होतं की डॉक्टरांनी तपासणी दुसऱ्यांदा करायला लावली. ते वहीकडे बघत राहिले. मीही बघत राहिले. वही निर्दोष होती.

पाच दिवसांनी घरी आलो. यांचे कपडे लावताना कपाटात खाली पानाचा जुना डबा सापडला. तंबाखू सोडून यांना बारा वर्षं झाली, म्हणून डबा उघडला. आत जीवनसत्त्वाच्या गोळ्या होत्या, मूठभर, आणि माशाच्या तेलाच्या कॅप्सूल उकाड्याने वितळून एकमेकींना चिकटून त्यांचा एक पिवळा गोळा झाला होता. मी डबा तसाच नेऊन त्यांच्या पलंगावर ठेवला.

"हे काय आहे?"

त्यांनी डब्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "नागपूरवाल्याचे दिवस," म्हणाले.

मला कळलं नाही. मग त्यांनी समजावून सांगितलं, आणि त्यांच्या आवाजात लाज नव्हती, थोडा अभिमानच होता. "डेपोत मले दोन साहेब होते. एक म्हणे ओंडके इकडून मोज, एक म्हणे तिकडून. भांडलो असतो तं दोघंबी गेले असते हातचे. मंग मी सोमवारी एकाचं ऐको, मंगळवारी दुसऱ्याचं. तीस वर्षं कोणाचा मान मोडला नाई. तसंच हे. एक दिवस ब्रह्मपुरीवाल्याचा, त्या दिवशी गोळी बी घेतो, भाजी बी खातो. एक दिवस नागपूरवाल्याचा, त्या दिवशी काईच नाई. दोघंबी आपलेच डॉक्टर. कोणाले नाराज काऊन करा?"

"भाजी? भाजी कुठे खाल्ली तुम्ही?"

त्यांनी डब्याचं झाकण लावलं. पण मला उत्तर माहीत झालं होतं. दोन गल्ल्या सोडून त्यांची मोठी बहीण राहते, आरमोरीकडची शेती मुलाला देऊन इथे आलेली. हे रोज सकाळी तिच्याकडे पेपर वाचायला जायचे. आमच्या घरीही पेपर येतो. मी चप्पल घातली आणि तशीच गेले. ती अंगणात सुपात अंबाडीच निवडत होती. मी जे बोलले ते तुम्हाला लिहीत नाही, तुम्ही ते शब्द मला शिकवले नव्हते. तिने सूप खाली ठेवलं.

"झालं बोलून? मंग आता आयक वो मास्तरीण. माह्या भावाले तू सुकवून राह्यली होती. एक दिवसाआड येऊन बसे बिचारा, म्हणे, बाई, आज मले भाजी चालते. मी का डॉक्टर आहो? चालते म्हणे तं वाढली."

"नाकातून रक्त आलं त्यांच्या. मरत होते ते."

"भाजीनं?" ती म्हणाली. "मी तं राखीच्या आधी पंधरा दिवसांपासून पोरीच्या बाळंतपणाले गेली होती. माह्या घराले कुलूप होतं."

मी तिच्या पायरीवर बसले. बसल्या बसल्या हिशेब लागला. ती इथे होती तोवर हे दिवसाआड भाजी खात होते, रक्त दाट येत होतं, डॉक्टर गोळी वाढवत होते. ती गेली, भाजी थांबली, आणि वाढवलेली गोळी तशीच चालू राहिली. तिच्या घराचं कुलूप यांच्या नाकातून बाहेर आलं. आणि यातलं एक अक्षर वहीत नव्हतं. ती म्हातारी काहीच चुकीचं बोलत नव्हती, हे मला सगळ्यात जास्त लागलं. तिने मला पाणी आणून दिलं. मी प्यायले.

घरी येऊन मी यांना विचारलं, तुम्ही मला सांगितलं का नाही? मला वाटलं होतं ते म्हणतील, तू रागावली असतीस. ते तसं म्हणाले नाहीत. म्हणाले, "तू इचारलं कुठी, मॅडम? तू सांगतलं."

सिस्टर, हे वाक्य मी यापूर्वी एकदाच ऐकलं आहे, इंग्रजीत, तुमच्याकडून. मी नववीत होते. शनिवारी दुपारी मी तुमच्या दवाखान्यात दुभाषी म्हणून बसायची, कारण तुमचं केरळी वळणाचं मराठी त्या बायकांपर्यंत पोचत नसे. गडचिरोलीच्या आतल्या भागातून एक बाई आली होती. अजूनही दिसते मला, कडेवर खोकणारं पोर, पायांवर धूळ. तुम्ही बाटली दिलीत आणि मी तोऱ्यात सांगितलं, दोन चमचे, दिवसातून तीन वेळा. तुम्ही मागून विचारलंत, कुठला चमचा? मी म्हटलं, चमचा म्हणजे चमचा, सिस्टर. तिला विचार घरी काय आहे, तुम्ही म्हणालात. मी विचारलं. ती म्हणाली, "चमचा नाई आमच्याकडं, बाई. पळी आहे, तुंब्याची." वाळल्या भोपळ्याच्या तसल्या दोन पळ्यांत सगळी बाटली संपली असती. तुम्ही उठलात, जेवणघरात गेलात आणि माझ्या ताटाजवळचा चमचा आणून तिला दिलात. मग माझ्याकडे वळून म्हणालात, तू सांगितलंस, विचारलं नाहीस. पुढचा आठवडाभर मी दहीभातसुद्धा हाताने खाल्ला, आणि मुली हसायच्या. शाळा सोडताना तुम्ही मला तसाच एक चमचा दिलात. अजून आहे. जीवनसत्त्वाच्या बाटलीशेजारीच ठेवला होता. मी रोज त्याला हात लावत होते आणि मला काही आठवलं नाही.

पुढच्या खेपेला नागपूरला जाऊन मी डॉक्टरांना सगळं सांगितलं. डबा नेला होता. त्यांनी तो पिवळा गोळा पाहिला, डोक्याला हात लावला आणि म्हणाले, "म्हणजे काकू, तीन महिने मी तुमच्या वहीला औषध देत होतो. काकांना नाही." मी मान खाली घातली. पहिल्यांदाच त्यांनी खुर्ची ओढून यांच्या समोर घेतली आणि विचारलं, काका, तुम्ही काय काय खाता? हे बोलत राहिले, तरोट्यापासून अंबाडीपर्यंत, आणि त्या मुलाएवढ्या डॉक्टरने ते लिहून घेतलं. मग म्हणाला, भाजी बंद नको, पण रोज तेवढीच खा, एक लहान वाटी, ना कमी ना जास्त. बाकीच्या गोळ्या आणि कॅप्सूल बंद. चालेल नाही, बंद. मला वाटलं सुटलो. मग मी विचारलं, अशी वाटीच सांगायची होती, तर दोन वर्षांपूर्वी टाळा का म्हणालात? तो म्हणाला, तेव्हा मी सगळ्यांना तसंच सांगायचो.

आणि परत आल्यावर इथले डॉक्टर म्हणाले, बंद? अहो, यांच्या तपासणीत एक जीवनसत्त्व कमीच आहे, ते तरी द्यावं लागेल, त्याचा रक्ताच्या गोळीशी संबंध नाही. नागपूरला फोन लावला तर डॉक्टर परिषदेला गेले आहेत, सोमवारी भेटतील. सोमवारीच रक्त तपासायचं आहे. आज शुक्रवार. ती नवी गोळी टेबलावर आहे, मी ती दिलेली नाही आणि फेकलेलीही नाही. मी आता भांडत नाही, सिस्टर. माझ्यात ताकद आहे, पण कोणाशी भांडायचं ते कळत नाही. दोघंही चांगली माणसं आहेत. मी रोज एक वाटी भाजी मोजते, सांबाराची पानंसुद्धा मोजते, तरी गेल्या वेळचा आकडा वरच होता, म्हणजे रक्त पातळच. का, ते कोणी सांगत नाही. हे पलंगावर बसून खिडकीबाहेर बघतात. पहिल्यापेक्षा बारीक झाले आहेत, त्यामुळे टिक टिक जास्त स्पष्ट येते. मी कामं थांबवून ऐकत बसते.

संध्याकाळची गोळी दिल्यावर मी म्हणते, तोंड उघडा. ते आ करतात, जीभ वर करतात, मी बॅटरीने बघते. मी त्यांना कधीतरी तुमच्या बोर्डिंगच्या सकाळी सांगितल्या होत्या, प्रार्थनेनंतर व्हरांड्यातली आमची रांग, तुमच्या हातातली माशाच्या तेलाची बाटली, एकेकीच्या तोंडात एक चमचा आणि प्रत्येकीचं ते ठरलेलं वाक्य. काल त्यांनी तोंड मिटलं आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, "थँक्यू, सिस्टर."

म्हणून हे पत्र. ते वाक्य ऐकलं आणि रात्रभर नाही, पण आज सकाळपासून मी स्वस्थ नाही. तुम्हाला आठवतं, आमच्या रांगेत मीच एक धष्टपुष्ट होते. राजुऱ्याच्या खाणीतल्या कामगाराची मुलगी, घरून येताना आईने डबाभर लाडू दिलेले, ते मी पेटीत लपवून खायची. पाहुणे डॉक्टर आले की तुम्ही मला पुढे उभं करायचात, माझा गाल धरून म्हणायचात, ही बघा, ही माझ्या तेलाची. आणि एका वर्षी, माझ्याकडे बघूनच, तुम्ही बारक्या मुलींचा एक चमचा दोन केलात. त्या रडायच्या. दोघी-तिघींना ओकाऱ्या व्हायच्या. तुम्ही म्हणायचात, गिळा, हिच्यासारख्या व्हाल.

मी ते तेल गालात धरून ठेवायची. थँक्यू सिस्टर म्हणायची, गालात तेल असताना म्हणता येतं, सरावाने जमतं, आणि मागे पेरूच्या बुंध्याशी जाऊन थुंकायची. सहा वर्षं. एकदाही गिळलं नाही. तुम्हीही मला विचारलं नव्हतं.

पत्र घडी करून वहीत ठेवते आहे, सोमवारच्या पानात. ते पान अजून कोरं आहे.